मधल्या वयाचा इतिहास

सातपुड्याच्या पायथ्याकडे, नंदुरबार जिल्ह्यांत, शहाद्यास लागून लोणखेडा नांवाचें गांव आहे. भोंवतालीं ऊस, केळी, पपई आणि कापूस यांची शेती. उत्तरेस डोंगराची निळी रेघ. गांव फार मोठें नाहीं. पण येथें शाळा आहेत, महाविद्यालयें आहेत, आणि त्यामुळें सकाळच्या वेळीं येथील रस्त्यावर जें दृश्य दिसतें तें क्षणभर थांबून पाहण्यासारखें असतें. एस. टी. येऊन थांबते आणि तिच्यांतून पंधरा, सोळा, सतरा वर्षांच्या मुली उतरतात. कोणी शेतकऱ्याची, कोणी मजुराची, कोणी डोंगरांतल्या पाड्यावरील भिल्ल किंवा पावरा कुटुंबांतील. त्या हसतात, रुसतात, परीक्षेची काळजी करितात, एकमेकींच्या कानांत कांहीं सांगतात आणि पुढें जातात. पाहणारास त्यांत नवल वाटत नाहीं.

नवल वाटत नाहीं, हेंच खरें नवल आहे. कारण दीडशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांतील प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांत ह्या वयाची मुलगी बहुधा दृष्टीस पडत नसे. पंधरा-सोळा वर्षांची स्त्री असे. परंतु ती मुलगी नसे. ती सून असे, आई असे, किंवा विधवा असे. बालपण आणि संसार यांच्या मधलें जें वय आज आपण गृहीत धरतों, तें निसर्गानें दिलेलें असलें तरी समाजानें दिलेलें नव्हतें. तें मागावें लागलें, त्यासाठीं भांडावें लागलें. त्या भांडणाचा इतिहास, आणि मनाच्या आरोग्याशीं त्या वयाचा असलेला संबंध, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या पूर्वजांनीं आयुष्याचे टप्पे ओळखले नव्हते असें मात्र कोणी म्हणूं नये. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ आणि संन्यास ही चार आश्रमांची योजना म्हणजे मनुष्याचें सबंध आयुष्य एका दृष्टिक्षेपांत पाहण्याचा मोठा प्रयत्न होता. प्रत्येक वयाचें काम निराळें, प्रत्येक वयाची शोभा निराळी, आणि एका वयाचें काम नीट झाल्यावांचून दुसऱ्यांत पाऊल टाकूं नये, हें त्या योजनेचें मर्म आहे. तींतील पहिला आश्रम विशेष विचार करण्यासारखा आहे. ब्रह्मचर्याश्रम हा केवळ पोथ्या पाठ करण्याचा काळ नव्हे. बालपण संपलें आहे, संसार सुरू व्हावयाचा आहे, आणि मध्यंतरीं कांहीं वर्षें मुलानें घरापासून दूर राहून स्वतःस घडवावयाचें आहे. म्हणजे ज्यास आम्ही मधलें वय म्हणतों, तेंच हें.

परंतु हा जिना पुरुषाकरितां बांधलेला होता. मनुस्मृतीनें स्पष्टच सांगितलें आहे कीं, स्त्रीचा विवाह हेंच तिचें उपनयन, पतिसेवा हाच तिचा गुरुगृहींचा वास, आणि घरकाम हेंच तिचें अग्निहोत्र. म्हणजे तिच्या जिन्याची पहिली पायरी काढून टाकलेली होती आणि तिनें एकदम दुसरीवर उडी घ्यावी अशी अपेक्षा होती. पुढील स्मृतिकारांनीं तिच्या वयांस नांवें दिलीं: आठ वर्षांची ती गौरी, नऊ वर्षांची रोहिणी, दहा वर्षांची कन्या, आणि त्यापुढें केवळ रजस्वला. दहाव्या वर्षापर्यंत दरसाल निराळें नांव, आणि नंतरच्या साऱ्या आयुष्यास शरीरधर्मावरून पडलेलें एकच नांव! त्या मुलीच्या मनांत त्या वयांत काय चाललें असेल, हा प्रश्न कोणास पडला नाहीं.

भाषा ही समाजाची साक्षीदार असते. मराठींत लहान मुलीला परकरी पोर म्हणत, लग्न झालेलीस सासुरवाशीण म्हणत. पण लहान नाहीं आणि लग्नही झालें नाहीं, अशा मुलीस काय म्हणत? तिला 'घोडनवरी' म्हणत. ज्या वयास आज आपण किशोरवय असें सौम्य नांव देतों, त्या वयास आमच्या आज्या-पणज्यांच्या भाषेंत एक शिवीच तेवढी उपलब्ध होती. जें वय असूं नये असें समाजास वाटत होतें, त्याला त्यानें चांगलें नांव ठेवलें नाहीं, हें यथार्थच झालें.

आणि ही रूढि एकाच जातीची नव्हती. १८४० मध्यें जोतीराव फुले यांच्याशीं सावित्रीबाईंचें लग्न झालें तेव्हां त्या नऊ वर्षांच्या व जोतीराव तेरा वर्षांचे होते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचें लग्न नवव्या वर्षीं झालें. चौदाव्या वर्षीं त्या आई झाल्या आणि तें मूल दहा दिवसांत गेलें. पुढें त्यांनीं अमेरिकेस जाऊन १८८६ मध्यें वैद्यकाची पदवी घेतली, ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों; पण १८८७ च्या फेब्रुवारींत त्या वारल्या तेव्हां त्यांना बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें, हें सांगतांना आवाज खालीं येतो. सबंध आयुष्याचे सारे टप्पे त्यांनीं तेरा वर्षांत कोंबून घेतले होते.

रमाबाई रानडे यांचें उदाहरण याहून सौम्य आहे, म्हणूनच अधिक बोध करणारें आहे. १८७३ मध्यें त्यांचा विवाह झाला तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि न्यायमूर्ति एकतीस वर्षांचे. पहिली पत्नी वारल्यानंतर माधवरावांनीं विधवेशीं विवाह करावा अशी सुधारक मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढें ते नमले. तें कसेंही असो; लग्नानंतर त्यांनीं आपल्या बालपत्नीस शिकविण्यास प्रारंभ केला. म्हणजे जें मधलें वय विवाहानें हिरावून घेतलें, तेंच त्यांनीं विवाहाच्या आंत, रात्रीच्या दिव्यापाशीं, तिला थोडें थोडें परत दिलें. पण दिवसा त्याच घरांत वडीलधाऱ्या बायकांचें राज्य होतें. इंग्रजी शिकणाऱ्या ह्या सुनेस त्यांनीं किती टाकून बोलावें, तिच्याशीं किती अबोला धरावा, हें रमाबाईंनीं १९१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकांत निर्वैर मनानें नमूद केलें आहे. त्या छळणाऱ्या बायकांचा विचार आम्ही पुढें करणार आहों. कारण आमच्या मतें ह्या इतिहासाची खरी किल्ली त्यांच्या हातीं आहे.

परंतु जें दुःख रमाबाईंनीं सोसलें, तें जाहीरपणें बोलून दाखविण्याचें धाडस मुंबईच्या रखमाबाईंनीं केलें. सुतार जातींत जन्मलेल्या ह्या मुलीचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें होतें. ती सासरीं गेली नाहीं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीं पुस्तकें वाचीत वाढली. १८८४ मध्यें दादाजींनीं तिचा ताबा मिळावा म्हणून फिर्याद केली. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्ही यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. वरच्या पीठानें तो फिरविला, आणि १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं 'नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा' अशा आशयाचा हुकूम केला. तुरुंग पत्करूं, पण जाणार नाहीं, असें त्यांनीं कळविलें. १८८८ मध्यें दोन हजार रुपये देऊन तो तंटा मिटला. रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ मध्यें डॉक्टर होऊन परतल्या, सुरत व राजकोट येथें दीर्घकाल रुग्णसेवा केली आणि १९५५ मध्यें, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, निधन पावल्या.

हा खटला कायद्याच्या इतिहासांत प्रसिद्ध आहेच. आम्हांस महत्त्वाचीं वाटतात तीं त्यांनीं १८८५ मध्यें 'एक हिंदु स्त्री' या टोपणनांवानें 'टाइम्स ऑफ इंडिया'स लिहिलेलीं पत्रें. आपल्याला मारहाण झाली, उपाशी ठेवलें, अशी त्यांची तक्रार नव्हती. बालविवाहानें आपल्या आयुष्यांतलें सुख नासलें, आणि विद्या व मनाची वाढ या आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या गोष्टींच्या आड तो आला, असें त्यांचें म्हणणें होतें. मनाच्या वाढीस कांहीं काळ लागतो, तो काळ मनुष्याच्या हक्काचा आहे आणि तो माझ्यापासून चोरला गेला आहे: एका वीस वर्षांच्या मुलीनें ही फिर्याद मांडली तेव्हां या विषयावरचें शास्त्र जन्मासही आलें नव्हतें.

शास्त्र मागाहून आलें. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनीं १९०४ मध्यें किशोरवयावर दोन जाड खंड प्रसिद्ध केले आणि हें आयुष्यांतलें एक स्वतंत्र पर्व आहे असें ठासून सांगितलें. १९५० मध्यें एरिक एरिक्सन यांनीं मनुष्याच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तान्ह्या मुलाला जगाविषयीं विश्वास वाटतो कीं नाहीं येथपासून, म्हातारपणीं माणसाला आपलें आयुष्य सार्थ वाटतें कीं हताशा घेरते येथपर्यंत, प्रत्येक टप्प्याचा एक प्रश्न असतो. किशोरवयाचा प्रश्न 'मी कोण?' हा. दुसऱ्यांनीं दिलेलीं नांवें बाजूस ठेवून स्वतःची ओळख पटविण्याचा हा काळ. प्रश्न सुटला नाहीं तर नाहींसा होत नाहीं. तो पुढच्या टप्प्यावर ओझ्यासारखा येतो. हेच एरिक्सन १९६२ मध्यें अहमदाबादेस आले, आणि त्यांच्या सहवासानें या विद्येकडे वळलेले सुधीर कक्कर यांनीं पुढें आपल्या चार आश्रमांची या आठ टप्प्यांशीं तुलना केली. दोन्ही योजनांत साम्य पुष्कळ आहे. पण आमच्या इतिहासापुरतें पाहतां त्या दोहोंतला जो टप्पा अत्यंत नाजुक, तोच आमच्या मुलींना नाकारला गेला होता.

तो नाजुक का, याचें उत्तर आतां वैद्यकही देतें. विचारपूर्वक निर्णय घेणारा मेंदूचा पुढील भाग पक्व होण्यास विशी उलटावी लागते. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, ज्यांना आयुष्यांत केव्हां तरी मानसिक विकार होतो, त्यांपैकीं निम्म्यांच्या विकाराची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत, आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे मनाचें घर ज्या वर्षांत बांधलें जातें, त्याच वर्षांत त्याला तडे जाण्याचीही भीति अधिक. नेमक्या त्याच वर्षांत आमच्या समाजानें मुलीस माहेरापासून तोडलें, परक्या घरांत नेऊन बसविलें, तिचें नांवही पुष्कळदां बदललें, आणि वर मातृत्व लादलें.

मग अशा मुलींचीं मनें आजारी पडलीं नाहींत काय? सरकारी कागदांत पाहिलें तर उत्तर मिळत नाहीं. वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा १८५८ मध्यें झाला, नागपूर, रत्नागिरी, ठाणें येथें तशीं इस्पितळें निघालीं; पण त्यांचा दरवाजा मुख्यतः रस्त्यावर भटकणाऱ्यांसाठीं व दंगा करणाऱ्यांसाठीं होता. माजघरांत मुकाट्यानें कोमेजणाऱ्या सुनेला तेथें कोण नेणार? तिच्या दुखण्याला घरांतलीं निराळीं नांवें होतीं. कोणाला 'बाहेरचें' लागे, कोणाच्या अंगांत येई. अंगांत येणें हा सर्वत्र रोगच असतो असें आमचें म्हणणें नाहीं. त्याला श्रद्धेचें आणि रूढीचें स्वतःचें स्थान आहे. पण इतकें तर खरें, कीं एरव्हीं जिला ब्र काढण्याची मुभा नव्हती, ती सून देवीच्या नांवानें सासऱ्यालाही दरडावूं शके आणि घरचे हात जोडून ऐकत. जिभेला बंदी झाली म्हणजे शरीर बोलूं लागतें. आणि ज्या कित्येकींना तेवढीही वाट सांपडली नाहीं, त्यांच्याविषयीं गांवोगांवच्या जुन्या विहिरींच्या कहाण्या सांगितल्या जात. हरि नारायण आपट्यांनीं १८९० पासून 'करमणूक' पत्रांत 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः लिहिली, तींतली यमू स्वतःच्या तोंडानें आपली कथा सांगते. मराठी वाचकाला अशा मुलीच्या मनाच्या आंतून जग पाहावयास लावणारें तें पहिलें मोठें पुस्तक. आणि त्याचें नांवच एक प्रश्न आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां त्या छळणाऱ्या बायकांकडे वळूं. सासू म्हणजे दुष्ट, असें आपल्या ओव्यांपासून नाटकांपर्यंत सर्वत्र दिसतें. पण ही सासू कोण होती? ती स्वतः आठव्या-दहाव्या वर्षीं कोणाच्या तरी उंबरठ्यावर आलेली मुलगी होती. नणंद कोण होती? पुष्कळदां बालपणींच कुंकू पुसलेली, जन्मभर भावाच्या अन्नावर राहिलेली विधवा होती. जिला 'मी कोण?' हें विचारण्याची उसंत मिळाली नाहीं, तिला चाळिशींत एकदम किल्ल्यांचा जुडगा मिळे, आणि तो जुडगा हीच तिची ओळख होऊन बसे. अशा स्त्रीच्या पुढ्यांत जेव्हां हातांत पुस्तक घेतलेली सून येई, तेव्हां तिला राग पुस्तकाचा येई कीं आपल्याला न मिळालेल्या वयाचा? आमच्या मतें दुसऱ्याचा. जें वय जगलें जात नाहीं तें मरत नाहीं. तें पुढच्या वयांत येऊन आपलें देणें मागतें, आणि हातीं आलेल्या पहिल्या दुबळ्या माणसाकडून वसूल करून घेतें. एका पिढीनें दुसरीस दिलेला हा दुःखाचा वारसा कायद्यानें एकाएकीं थांबणारा नव्हता.

तरीही कायद्याची वाट चालावीच लागली. १८८४ मध्यें बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाहाविरुद्ध आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं. १८९० मध्यें कलकत्त्यास फुलमणि नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतिसमागमानें मृत्यु पावली, आणि १८९१ च्या मार्चमध्यें संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा मंजूर झाला. त्या वेळीं पुण्यांत जो वाद माजला तो सर्वश्रुत आहे. टिळकांचें म्हणणें, समाजाची सुधारणा समाजानेंच करावी, परक्या सरकारनें धर्मांत हात घालूं नये. भांडारकर शास्त्रग्रंथ उलगडून दाखवीत होते कीं शास्त्रही आड येत नाहीं. आगरकर 'सुधारका'तून विवेकाच्या नांवानें हांक मारीत होते. टिळकांचा आक्षेप अगदींच पोकळ होता असें म्हणतां येणार नाहीं; परकी सत्तेखालीं तो स्वाभाविकच होता. परंतु आज तो वाद वाचतांना एक गोष्ट खटकते. दहा कीं बारा, शास्त्र कीं सरकार, याच चर्चेनें रकानेच्या रकाने भरले. वाद शरीराचा झाला, धर्माचा झाला, स्वराज्याचाही झाला. मनाचा मात्र क्वचितच झाला. रखमाबाईंचा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाचें उत्तर कायद्यापेक्षां शाळेनें अधिक दिलें. १८८४ मध्यें रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनीं पुण्यास मुलींचें हायस्कूल काढलें, तेंच पुढें हुजूरपागा म्हणून प्रसिद्धीस आलें. त्याच्या अभ्यासक्रमावर आणि वेळांवरही टीका झाली. मुली दिवसभर शाळेंत बसल्या तर घरकाम केव्हां शिकणार, असा टीकाकारांचा सवाल होता. टीकाकारांनीं वर्म बरोबर ओळखलें होतें. मधलें वय म्हणजे अखेर दुसरें काय? चूल आणि पाळणा यांपासून मोकळे ठेवलेले दिवसाचे कांहीं तास. आणि ते तास पुढें वाढत जाऊन झालेलीं कांहीं वर्षें.

ज्यांचें वय आधींच लुटलें गेलें होतें, त्यांना तें परत देण्याचा उद्योग पंडिता रमाबाई आणि धोंडो केशव कर्वे यांनीं केला. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ मध्यें मुंबईस निघालें व पुढें पुण्यास आलें. तेथेंच शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशीं १८९३ मध्यें कर्व्यांनीं पुनर्विवाह केला. १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्यें तो हिंगण्याच्या माळावर गेला. केस काढलेल्या, घरच्यांनीं अशुभ ठरविलेल्या तरुण विधवा तेथें येऊन पाटी-पेन्सिल घेऊन बसत. वयानें त्या स्त्रिया होत्या, पण पाटीपुढें त्या पुन्हां विद्यार्थिनी झाल्या. हुकलेली पायरी उशिरां कां होईना चढतां येते, हें हिंगण्यानें सिद्ध केलें. मात्र कर्वे तेवढ्यावर थांबले नाहींत. विधवेचें दुःख निवारण्यापेक्षां कुमारिकेचें लग्न लांबविणें श्रेयस्कर, हें जाणून १९०७ मध्यें त्यांनीं अविवाहित मुलींसाठीं महिला विद्यालय काढलें आणि १९१६ मध्यें महिला विद्यापीठ स्थापिलें. त्यास १९२० मध्यें विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. औषधाकडून प्रतिबंधाकडे जाणारा हा मार्ग आज मनाच्या आरोग्याविषयीं बोलणारे तज्ज्ञही सांगतात. कर्वे तो शंभर वर्षांपूर्वीं चालून गेले.

कायदा मागून हळूहळू येत राहिला. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें. तो १ एप्रिल १९३० पासून अमलांत यावयाचा होता, तेव्हां त्याआधींच्या महिन्यांत देशभर लहानग्यांच्या लग्नांची एकच घाई उडाली, आणि १९३१ च्या खानेसुमारींत तिचे परिणाम उमटले. १९४९ मध्यें हें वय पंधरा झालें, १९७८ मध्यें अठरा. दहापासून अठरापर्यंत यावयास सत्त्याऐंशीं वर्षें लागलीं. एका मुलीच्या आयुष्यांतल्या आठ वर्षांसाठीं एका देशानें जवळजवळ शतक खर्च केलें.

येथें पुन्हां सातपुड्याकडे पाहिलें पाहिजे. कारण इतका वेळ आम्ही पुण्या-मुंबईची गोष्ट सांगत होतों, आणि तीच साऱ्या महाराष्ट्राची गोष्ट असें समजणें ही आम्हां सुशिक्षितांची जुनी खोड आहे. ज्या भिल्ल आणि पावरा समाजांना मैदानांतले लोक मागासलेले म्हणत आले, त्यांच्यांत पाळण्यांतलीं लग्नें करण्याची रूढि नव्हती. मुलगी वयांत आल्यावर, शेतांत-रानांत कामाला लागल्यावर तिचें लग्न होई. वराकडून देज दिलें जाई. होळीपूर्वींच्या भोंगऱ्या बाजारांत तरुण-तरुणी मोकळेपणानें एकमेकांस पाहत. त्यांच्या आयुष्यांत कष्ट होते, दारिद्र्य होतें. सारें सुखच होतें असें रंगविणें खोटेपणाचें होईल. पण बालपण आणि संसार यांच्यामध्यें हंसण्या-गाण्याचीं थोडीं वर्षें त्यांनीं मुलींसाठीं राखलेलीं होतीं. पुण्याचे विद्वान जें वय शास्त्रांत शोधीत होते, तें डोंगरांतल्या पाड्यावर नांदत होतें.

आणि आज? आज त्याच डोंगरावरचीं कुटुंबें ऊसतोडीसाठीं व मजुरीसाठीं गुजरातेंत आणि दूरच्या जिल्ह्यांत जातात. मागें राहिलेल्या वयांत आलेल्या मुलीची काळजी कोणी घ्यावी, या चिंतेपोटीं तिचें लग्न लौकर उरकण्याकडे आईबापांचा कल होतो. हें केवळ एका जिल्ह्याचें दुखणें नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं २१.९ टक्के स्त्रियांचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं झालेलें होतें. पांचांपैकीं एकीहून अधिक! म्हणजे ज्या वयासाठीं रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली, तें पांचव्या मुलीस अजून मिळालेलें नाहीं.

तथापि मधलें वय मिळालें म्हणजे सर्व मिळालें, असेंही नाहीं. मोकळीं वर्षें म्हणजे निश्चिंत वर्षें नव्हेत. ज्या मुलीस पूर्वीं निवडण्यास कांहींच नव्हतें, तिला आज काय शिकावें, कोणावर विश्वास ठेवावा, कोठें जावें, हें ठरवावें लागतें. आणि निवडीबरोबर चिंता येते. परीक्षेची धास्ती, हातांतल्या मोबाइलवरून दिवसरात्र होणारी तुलना, आणि कुटुंबांतली पहिली शिकणारी म्हणून खांद्यावर आलेला आशेचा भार, हीं नव्या वयाचीं नवीं दुखणीं आहेत. मुलग्यांचेंही तेंच, त्यांना मधलें वय पूर्वींपासून होतें, म्हणून त्यांच्या मनाची विचारपूस झाली असें नाहीं. रडूं नको, पुरुष आहेस, एवढा उपदेश करून आपण त्यांना मोकळें सोडलें. २०१४ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमानें मनाचें आरोग्य हा आपल्या कार्याचा एक भाग मानला. २०२२ पासून टेलि-मानस या सेवेंतून १४४१६ या क्रमांकावर कोणासही विनामूल्य बोलतां येतें. ह्या सोयी अपुऱ्या असतील. पण दुखऱ्या मनाचें ऐकून घेण्याची जबाबदारी सरकारनें पत्करावी, ही गोष्ट यमूच्या काळीं कल्पनेंतही नव्हती.

शेवटीं आयुष्याच्या दुसऱ्या टोकाविषयीं एक शब्द. रमाबाई रानड्यांनीं आठवणी लिहिल्या त्या सत्तेचाळिसाव्या-अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास. लक्ष्मीबाई टिळक यांनीं 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध केलीं तेव्हां साठी उलटली होती. सत्तावन्नच्या बंडानंतर आजोबांना झालेल्या फांशीनें हादरलेल्या आणि त्यापायीं सोवळ्याच्या वेडांत गुरफटलेल्या वडिलांची हकीकत त्यांनीं त्यांत हंसत हंसत सांगितली आहे. कर्व्यांच्या आनंदीबाई, म्हणजेच पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, यांचें 'माझें पुराण' १९४४ मध्यें, त्यांच्या वृद्धपणीं, बाहेर आलें. तिघीही अकराव्या वर्षापर्यंत किंवा त्याआधींच नवऱ्या झालेल्या. तिघींनींही म्हातारपणाकडे झुकतांना मागें वळून त्या हरवलेल्या मुलीला हांक मारली, तिला जवळ बसविलें, आणि तिची गोष्ट द्वेष न करितां सांगितली. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यांत मनुष्यानें आपलें आयुष्य आपलेंसें करावें, असें एरिक्सन म्हणतात. आमच्या या स्त्रियांनीं लेखणीनें तें केलें. सासूपणांत वसूल होणारें देणें त्यांनीं पुस्तकांत फेडून टाकलें, आणि वारसा तेथें तोडला.

नंदुरबार जिल्ह्यांत आदिवासी मुलींसाठीं ज्या वसतिगृहासह शाळा आहेत त्यांस आश्रमशाळा म्हणतात. हा शब्द आम्ही रोज ऐकतों आणि विसरतों. ज्या आश्रमाची पायरी स्मृतिकारांनीं मुलीच्या जिन्यांतून काढली होती, तिचें नांव आज त्या शाळेच्या पाटीवर आहे. त्या शाळा जशा असाव्या तशा सर्वत्र नाहींत, हें आम्ही जाणतों. तेथें मुलींस नीट जेवण, निर्भय झोंप आणि मनांतलें बोलावयास एखादी मायेची बाई मिळाली, तरच त्या नांवास अर्थ येईल. लोणखेड्यास सकाळीं एस. टी. येते, मुली उतरतात, हसत पुढें जातात. त्यांना ह्या इतिहासाची आठवण नसली तरी कांहीं बिघडत नाहीं. आठवण ठेवावयाची आहे ती आपण, घरीं अशी मुलगी असलेल्यांनीं. तिला दोन-चार वर्षें अधिक द्यावीं कीं देऊं नयेत, असा प्रश्न पुढें येईल त्या दिवशीं, हीं वर्षें मिळवावयास किती लागलें, तेवढें आठवावें.